पाऊण मिलिमीटर

माझी कात्री रेघ सोडत नाही, असं मी एकतीस वर्षं म्हणत आले. कुणी विचारलं तर म्हणायचेच, नाही विचारलं तर जरा मोठ्याने म्हणायचे. शिवणखोलीत नवीन बाई कामाला आली की पहिल्याच दिवशी तिला माझ्या टेबलाशी उभी करायचे आणि कापून दाखवायचे. ती बिचारी मान डोलवायची. न डोलवून जाते कुठे?

आमची शिवणखोली हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, औषधांच्या गोदामाला लागून आहे. भाजलेल्या माणसांसाठी आम्ही हातमोजे शिवतो. भाजलेली कातडी भरून येताना फुगते, तिच्या गाठी होतात, बोटं आखडून बसतात. तसं होऊ नये म्हणून तिला सारख्या दाबाखाली ठेवावं लागतं, दिवसाचे तेवीस तास, वर्षभर तरी. त्यासाठी ताणलं जाणारं कापड घ्यायचं आणि हातमोजा मापापेक्षा शेकडा पंधरा लहान करायचा. बोटाचा घेर साठ मिलिमीटर असेल तर हातमोज्याचं बोट एक्कावन्नचं. फार घट्ट झालं तर बोट निळं पडतं, आणि सैल झालं तर घातलं काय नि न घातलं काय, सारखंच. शिवणाऱ्या दोघीजणी आहेत. कापायला मी एकटी.

आमचे हे रस्ते खात्यात आरेखक होते. निवृत्त झाल्यावर घरात बसून माझ्या डब्यांवर लेबलं चिकटवायला लागले. मिठाच्या डब्यावर 'मीठ', साखरेच्या डब्यावर 'साखर', जसं काही मी इतकी वर्षं चहात मीठ घालत होते. मी वैतागून म्हटलं, "एवढा हात शिवशिवतोय तर माझे नमुने काढून द्या." त्या वेळी प्रत्येक रुग्णाचा नमुना मी पट्टी-पेन्सिलीने काढायचे आणि एका हाताला अर्धा दिवस जायचा.

ह्यांनी ते मनावर घेतलं. संगणकावर चित्र काढायची एक भाषा असते, ती शिकले. त्या भाषेत चित्र काढायचं नसतं, लिहायचं असतं. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत सरळ जा, इथे वाकून अंगठ्याला वळसा घाल, असं ओळीने लिहीत जायचं. हाताची अठ्ठावीस मापं भरली की प्रोग्राम पूर्ण नमुना काढून देई. त्याच्यासोबत सेटिंगची एक वेगळी फाईल होती. चित्र कुठल्या फॉरमॅटमध्ये बाहेर पडायला हवं, कागद केवढा, माप मिलिमीटरमध्ये की इंचात, रेघ किती जाड, असलं सगळं तिच्यात. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी सकाळी मापं भरायचे, प्रिंटरमधून कागद यायचा. कागदाच्या कोपऱ्यात ह्यांनी दहा सेंटिमीटरचा एक चौकोन ठेवला होता, तो पट्टीने तपासायचे. चौकोन बरोबर असला की कागद कापडावर टाचायचा आणि दोन्ही एकदम कापायचे.

कापून झालेले कागद हे घरी घेऊन जायचे. मी म्हणायचे, "रद्दी गोळा करायचं वय झालं वाटतं." हे म्हणायचे, "हो, झालं." चाळीस वर्षांत या माणसाने वादात मला कधी पुरतं जिंकू दिलं नाही, कारण वाद घालायलाच तयार व्हायचे नाहीत.

चौदा महिन्यांपूर्वी हे गेले. प्रोग्राम मागे राहिला, आणि मी रोज सकाळी मापं भरत राहिले. खरं सांगायचं तर प्रिंटरमधून कागद बाहेर येई तेव्हा मला दिवसातलं पहिलं बरं वाटायचं. घरी आता लेबलं लावलेले डबे होते आणि बोलायला कुणी नव्हतं.

गेल्या महिन्यात आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंनी कापायचं यंत्र आणलं. खोलीभर टेबल, त्यावर इकडून तिकडे पळणारं एक पातं. बरोबर एक इंजिनीअर बाई आली. चाळिशीतली, चष्मा कायम डोक्यावर आणि कायम शोधणारी. दर दोन वाक्यांनी "सॉरी" म्हणायची. यंत्र आलं म्हणजे कापणारीचं काय, हे कुणी बोललं नाही. मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "तीन आठवडे चालवून बघू. जमलं तर ठेवू." मला निवृत्तीला दोन वर्षं होती. ती दोन वर्षं मला घरात त्या डब्यांसमोर काढायची नव्हती.

इंजिनीअर बाईने ह्यांचा प्रोग्राम उघडला आणि म्हणाली, "काकू, किती स्वच्छ लिहिलंय हो काकांनी! मला काही बदलावंच लागणार नाही. फक्त आउटपुट बदलते."

"म्हणजे काय करणार?"

"आत्ता पीडीएफ निघते, ती कागदासाठी. यंत्राला एसव्हीजी लागते. त्यात रेघ कुठून कुठे जाते एवढंच कळतं, पातं तिच्या मागे जातं. आणि रेघ केसाएवढी बारीक करते. तुमच्यासाठी काकांनी चांगली जाड ठेवली होती. सॉरी, जाड म्हणजे छानच दिसते."

"मला बारीकही दिसते," मी म्हटलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

यंत्रावरचा पहिला हातमोजा एका इस्त्रीवालीला मिळाला. कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात गरम प्रेसखाली तिचा उजवा हात सापडला होता. बाई गोड तोंडाची. पहिल्या दिवशी हात पुढे करून म्हणाली, "काकू, जन्मभर लोकांच्या सुरकुत्या काढल्या, आणि आता माझ्याच हाताला बघा कशा चुण्या पडल्या." तिला परत कामावर जायचं होतं. प्रेसवर नाही, पण घड्या घालायला तरी. त्यासाठी बोटं मिटायला हवी होती आणि उघडायला हवी होती. बाकी तिला काही नको होतं.

तिसऱ्या दिवशी ती हात उराशी धरून परत आली. करंगळी जांभळी पडली होती. दोन बोटांच्या बेचक्यात नवी कातडी फाटून रक्त आलं होतं. "घट्ट असतो म्हणाला होतात ना काकू, म्हणून मी सोसलं," ती म्हणाली.

मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू? ती दारात दिसली तेव्हा आधी मला वाटलं, बरं झालं, यंत्राची जिरली. करंगळी मग पाहिली. पाहिल्यावर लाज वाटली, पण आनंद आधी झाला होता, तो काही मला पुसता येत नाही.

मोठ्या बाईंनी यंत्र बंद करायला सांगितलं. "शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर परत पाठवायचं," असं म्हणून त्या निघून गेल्या. इंजिनीअर बाईचा चेहरा एवढासा झाला. तिचा संशय फॉरमॅटवर होता. ती मला समजावून सांगतेय, असं मला उगाच वाटत होतं. ती खरं म्हणजे स्वतःलाच समजावत होती. एका फॉरमॅटमध्ये इंचाचे बहात्तर भाग धरतात, दुसऱ्यात शहाण्णव, आणि एकातून दुसऱ्यात जाताना कुणी विसरलं की सगळं चित्र लहान-मोठं होतं. तिने यंत्रावर नुसता कोपऱ्यातला चौकोन कापून पाहिला. दहा सेंटिमीटर. पुन्हा कापला. पुन्हा दहा.

"माप तर बरोबर आहे," ती म्हणाली. "मग हातमोजा लहान कसा?"

"ते तुमच्या यंत्राला विचारा," मी म्हटलं.

मी तो रक्त लागलेला हातमोजा उसवून टेबलावर पसरला. मला मदत करायची नव्हती. किती चुकलंय ते आकड्यांत लिहून मोठ्या बाईंच्या हातात द्यायचं होतं. अंगठ्याला घेरात तीन मिलिमीटर कमी भरले. तर्जनीला तीन. करंगळीलाही तीन. मनगट तर अंगठ्याच्या अडीच पट, तिथेही तीनच.

मी पट्टी खाली ठेवली. चित्र सगळंच लहान झालं असतं, तर मनगट जास्त चुकलं असतं आणि करंगळी कमी. इथे सगळीकडे सारखंच चुकलं होतं. एकतीस वर्षं कापड हाताळल्यावर याचा अर्थ कळायला संगणक लागत नाही. प्रत्येक बोटाला कापडाचे दोन तुकडे, म्हणजे कापलेल्या कडा चार. तिनाला चाराने भागलं की पाऊण. कोपऱ्यातला चौकोन सोडून कुणीतरी हातमोज्याची प्रत्येक रेघ पाऊण मिलिमीटर आत ओढली होती.

"अहो बाई," मी विजयाने हाक मारली, "तुम्ही रेघ आत घेतलीय. बघा तुमच्या त्या सेटिंगमध्ये."

तिने डोक्यावरचा चष्मा खाली ओढला, सेटिंगची फाईल उघडली आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागली. फॉरमॅट. कागद. एकक. रेघेची जाडी. मग ती थांबली.

"मी नाही घेतली, काकू. हे आधीपासून आहे."

तिथे लिहिलं होतं, 'कात्री = ०.७५'.

त्याच्यावर तशाच सात-आठ ओळी होत्या. ओळीच्या सुरुवातीला एक खूण केली की प्रोग्राम ती ओळ सोडून देतो, पण माणसाला ती वाचता येते. तशा खुणा केलेल्या त्या जुन्या ओळी. प्रत्येकीत कात्री, एक आकडा, आणि पुढे तारीख. सर्वांत वर अकरा वर्षांपूर्वीची, शून्य पूर्णांक दोन. मग पाव. मग ०.४. त्यानंतर एकदा आकडा उतरला होता, ०.३ झाला होता. ती तारीख मला ओळखीची होती. त्या आठवड्यात मी नवा चष्मा घेतला होता. पुढे एका पावसाळ्यात एकदम ०.६. माझी आई गेली तेव्हाचं ते. दोन महिन्यांनी परत ०.५. मग हळूहळू वर.

इंजिनीअर बाईला काही कळलं नव्हतं. "कात्री म्हणजे काय ठेवलंय काकांनी?" तिने विचारलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

माझी कात्री रेघ सोडत होती. बाहेरून जात होती, केसभर, मग दोन केस, मग पाऊण मिलिमीटर. हे रोज कापलेले कागद घरी नेत होते, रेघेबाहेर किती पांढरं राहिलंय ते मोजत होते आणि तेवढी रेघ आत घेऊन मला देत होते. मी बाहेरून कापायचे आणि हातमोजा बरोबर व्हायचा. मग घरी येऊन मी ह्यांना ऐकवायचे, माझी कात्री रेघ सोडत नाही. आणि हा माणूस समोर बसून म्हणायचा, "नाहीच सोडत."

आधी मला रागच आला. अकरा वर्षं मला लहान मुलासारखं वागवलं! सांगितलं असतं तर मी सुधारलं असतं. पण मला सांगायची कुणाची टाप होती? कुणी तसं बोललं असतं तर आठ दिवस घरात भांडी आपटली असती मी.

शेवटची तारीख ह्यांच्या जाण्याच्या अकरा दिवस आधीची होती. हे तेव्हा याच हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर होते. श्वास पुरत नव्हता. दुपारी मी वर गेले तर म्हणाले, "आज कापलेले कागद आण. आणि लॅपटॉप." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं, "अजूनही तुम्हाला त्या डबड्याशीच बोलायचंय? माझ्याशी चार शब्द बोलवत नाहीत?" हे म्हणाले, "दहा मिनिटं दे फक्त." मी कागद आणले, लॅपटॉप मांडीवर आदळला आणि खिडकीकडे तोंड करून बसले. त्या दहा मिनिटांत हे माझंच काम करत होते. त्यांच्याकडे तेव्हा किती दहा मिनिटं उरली होती, आणि त्यातली एवढी माझ्या कात्रीला दिली, आणि मी पाठ करून बसले. मी इंजिनीअर बाईसमोर रडले. मला कुणासमोर रडायला आवडत नाही.

तिने पाणी आणून दिलं. बऱ्याच वेळाने हलक्या आवाजात म्हणाली, "इथे शून्य टाकलं की यंत्र बरोबर कापेल. मोठ्या बाईंना मी सांगते, सेटिंग माझ्याकडून चुकली. तुमचं नाव कशाला यायला हवं?"

मनापासून म्हणत होती. आणि मला ते हवं होतं. अगदी जीव ओढून हवं होतं. यंत्र राहिलं असतं, पण माझं नाव राहिलं असतं. खोलीतल्या बायका निरोपाच्या वेळी म्हणाल्या असत्या, काकूंची कात्री म्हणजे कात्री. मी "बरं" म्हणणारच होते.

पण माझ्या मनात एक शंका आली आणि ती काही केल्या जाईना. आकडा इतकी वर्षं वर चढत होता. चौदा महिन्यांपासून तो बदलणारं कुणी नव्हतं.

"शून्य टाका," मी म्हटलं, "आणि कागदावर छापा. जाड रेघेत. दहा प्रती."

मी त्या दहाही कापल्या. चष्मा पुसून, दिवा जवळ ओढून, श्वास धरून कापल्या. एकतीस वर्षांत एवढं सांभाळून कधी कापलं नसेल. इंजिनीअर बाईने एकेक तुकडा मोजला आणि आकडे लिहीत गेली. तिने सॉरी म्हटलं नाही, तेव्हाच मला समजलं.

"सरासरी सव्वा," ती म्हणाली.

सव्वा मिलिमीटर. पाऊण सेटिंगने भरून काढलं, उरलं अर्धं. चार कडांना मिळून प्रत्येक बोटामागे दोन मिलिमीटर सैल. चौदा महिने मी लोकांना सैल हातमोजे घालून पाठवत होते. ती माणसं तेवीस-तेवीस तास ते घालून बसत होती, उन्हात, कामावर, झोपेत, आणि आत त्यांची कातडी दाबाशिवाय हवी तशी वाढत होती.

मी दहाही कागद उचलले आणि मोठ्या बाईंकडे गेले. सगळं सांगितलं, ह्यांच्या आकड्यांसकट. त्यांनी नोंदवही ओढली. "चौदा महिन्यांतले किती?"

"चौतीस," मी म्हटलं. मी जिन्यातच मोजले होते.

"सगळ्यांना बोलवावं लागेल."

"मी करते फोन," मी म्हटलं. "मीच करते."

इस्त्रीवालीला शून्यावर कापलेला हातमोजा दिला. यंत्रावर कापलेला. तो तिला नीट बसला, करंगळीचा रंग परत आला. मी आता कापत नाही. शिवणाऱ्या दोघींच्या शेजारी बसून बोटांच्या बेचक्यांना टाके घालते, आणि टाके घातले की दुसरीकडून तपासून घेते.

बोलावलेल्यांत सर्वांत आधी एक बसड्रायव्हर आला. इंजिनाचं झाकण उघडताना उकळतं पाणी त्याच्या डाव्या हातावर उडालं होतं. सात महिन्यांपूर्वी तो तपासणीला आला होता तेव्हा हाताच्या पाठीवर दोरखंडासारखे वळ उठले होते. भरल्या खोलीत मी त्याला फैलावर घेतलं होतं. "खोटं बोलू नका. हातमोजा घातला असतात तर हात असा झाला असता का?" तो सांगत होता, "घालतो हो बाई, झोपतानाही घालतो." मी ऐकलं नाही. त्याची बायको सोबत होती, तिलाही सांगितलं, "यांच्यावर लक्ष ठेवा, हे घालत नाहीत."

आता तो माझ्यासमोर बसला. त्याने हात टेबलावर ठेवला. दोन बोटं तळव्याकडे वळून तशीच राहिली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, त्यानंतरही ती पूर्ण उघडतील याची खात्री नव्हती. गाडी चालवायचं काम गेलं होतं, डेपोत तो आता पास तपासायला बसायचा.

मी त्याला म्हटलं, "तुम्ही हातमोजा घालत होता. रोज घालत होता. तो मी चुकीचा कापला होता. तुमची काही चूक नव्हती."

मला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने खिशातून फोन काढला. मग म्हणाला, "हे माझ्या बायकोला सांगाल का? मी सांगून ती मानत नाही. माझ्या आळसाने नोकरी गेली म्हणते. सात महिने झाले, धड बोलत नाही माझ्याशी."

"लावा फोन," मी म्हटलं.

त्याने उजव्या हाताने नंबर लावला आणि फोन माझ्याकडे दिला. पलीकडे घंटी वाजत होती.